अमेरिकेतला घटस्फोट आणि बोरिवलीचा ओवसा

घटस्फोट झाला म्हणून पेढे वाटणारी आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमधली मी पहिली बाई. बहुधा शेवटचीही. पोस्टमनने रजिस्टर्ड पाकीट दिलं, मी सही केली, जिन्यातच ते फाडलं आणि उभ्या उभ्या वाचलं. अमेरिकेतल्या कुठल्याशा जिल्ह्याच्या कोर्टाने माझं लग्न मोडलं होतं. लग्न लागलं होतं मुलुंडच्या कार्यालयात. भटजी अर्धे मंत्र गिळत होते, सप्तपदीला शालूत पाय अडकून मी धडपडले तेव्हा सगळा मांडव हसला होता. आणि ते मोडलं मला जन्मात न पाहिलेल्या एका गोऱ्या जज्जाने. मला काय त्याचं? सुटले ना! नाक्यावर गेले, किलोभर पेढे आणले आणि दारोदार वाटले. "कसले गं?" असं कुणी विचारलं की ठसक्यात सांगायचे, "सुटका झाली त्याचे." समोरच्या काकूंनी पेढा हातात धरला, पण तोंडात घालावा की नाही ते त्यांना कळेना. आई दारात उभी राहून कपाळावर हात मारत होती. "अगं बाई, निदान हळू तरी बोल!" मी हळू बोलणाऱ्यातली नव्हते. आजही नाही.

त्या संसाराबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मुलगा इंजिनीअर, अमेरिकेत नोकरी, आणखी काय पाहिजे म्हणून लग्न झालं आणि महिनाभरात मी तिकडे गेले. त्याचा राग गप्प राहण्याचा होता. आठवडा आठवडा एक शब्द नाही. बर्फात बुडालेल्या त्या घरात मी भिंतींशी मोठमोठ्याने भांडायचे, म्हणजे निदान कुणाचा तरी आवाज यायचा. मुलगी झाली. मग त्याने हात उचलायला सुरुवात केली. दोनदा उचलला. तिसऱ्यांदा उचलायची वाट बघायला मी काय खुळी होते? महिनाभर आईकडे जाऊन येते म्हणून तिकिटं काढायला लावली, दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेतलं आणि आले ती परत गेलेच नाही. मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी धरली, माहेरचंच नाव लावून. मंगळसूत्र काढून कपाटात टाकलं. बाबा नव्हतेच, आई पोरीला सांभाळायची. असं दीड वर्ष गेलं आणि मग ते पाकीट आलं.

आईच्या हट्टापायी मी ते घेऊन घाटकोपरला एका वकीलबाईंकडे गेले. मी आपली फुशारकीत, की हे घ्या, फाइल करून ठेवा, झालं माझं काम. बाई पन्नाशीच्या, नाकावर घसरणारा चष्मा, बोलणं पुण्याचं, एकेक शब्द तोलून. त्यांनी पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही पूर्ण वाचलंत का हे?"

"वाचलं ना. घटस्फोट मंजूर."

"त्याच्या खालचं?"

खालचं मी वाचलं नव्हतं. इंग्रजी किचकट होतं आणि माझा आनंद घाईचा होता. त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. मुलीचा ताबा वडिलांकडे. आईने तिला विनापरवानगी देशाबाहेर नेलं आहे, तिने ती ताबडतोब परत करावी.

"परत करावी म्हणजे काय?" मी ओरडलेच. "पोर आहे ती, लायब्ररीचं पुस्तक आहे का?"

"ओरडू नका," बाई म्हणाल्या. "नीट ऐका. तुमचं लग्न इथलं, हिंदू पद्धतीचं. तुम्ही तिकडच्या कोर्टात हजर नव्हतात. तुम्ही त्यांना काही उत्तर पाठवलंय का?"

"शिव्या पाठवणार होते."

"देवाची कृपा की पाठवल्या नाहीत. उत्तर दिलं असतं तर त्या कोर्टाला मानलं असं झालं असतं. आता आपण म्हणू शकतो, की हा हुकूम तुमच्यावर चालत नाही. पण मग पूर्णच चालत नाही. घटस्फोटाची ओळ घेईन आणि मुलीची ओळ टाकेन, असं कोर्टात म्हणता येत नाही. मुलगी ठेवायची असेल तर तुम्ही आज या घडीला त्यांच्या पत्नी आहात. समजलं?"

समजलं. चांगलंच समजलं. ज्या माणसापासून जीव घेऊन पळाले, त्याची मी लग्नाची बायको आहे असं आता मलाच छातीठोकपणे सांगायचं होतं. खरा घटस्फोट इथल्या कोर्टात मागता येईल, पण तो नंतर, मुलीचं ठरल्यावर. "आणि उद्यापासून मंगळसूत्र घाला," बाई म्हणाल्या. घरी येऊन मी ते कपाटातून काढलं आणि गळ्यात घातलं. आरशात बघताना माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की आईने निमूटपणे आरशावर टॉवेल टाकला. पेढ्यांचं मी वकीलबाईंना सांगितलं नाही. त्याचा कोर्टाशी काय संबंध, असं मला वाटलं.

त्या दिवसापासून घरात भीती राहायला आली. मुलगी जन्माने अमेरिकन, तिचा पासपोर्ट तिकडचा. तो मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. दाराची बेल वाजली की आई आधी पोरीला आतल्या खोलीत ढकलायची, मग दार उघडायची. साखर मागायला आलेल्या काकूसुद्धा आम्हाला संशयित वाटायला लागल्या.

आणि एक दिवस बेल वाजली तर दारात सासूबाई.

सासूबाई मालवणकडच्या. सासरे गिरणीत होते, ते गेल्यावर यांनी दोन मुलग्यांना खाणावळ चालवून शिकवलं. धाकटा लहान वयातच गेला, उरला एकटा माझा नवरा. बोरिवलीचा दोन खोल्यांचा ब्लॉक त्यानेच डॉलर पाठवून आईला घेऊन दिला होता आणि त्या तिथे एकट्या राहायच्या. आमचं घराणंही रत्नागिरीकडचं, पण आम्ही तीन पिढ्या अंधेरीत. आमच्यातलं कोकण गणपतीच्या मोदकांपुरतं उरलेलं. त्यांच्यातलं मात्र अख्खंच्या अख्खं होतं. त्या दोन बसेस बदलून आल्या होत्या. पाणी प्यायल्या, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "गो, औंदा गौर पूर्वा इली हा. तुझो ओवसो रवलो हा."

ओवसा म्हणजे काय ते सांगते, कारण पुढे वकीलबाईंनाही सांगावं लागलं. कोकणातल्या कितीतरी घरांत सासरी आलेली सून गौरीपुढे ओवसा भरते. बांबूच्या पाच सुपांत फळं, भाज्या, पान-सुपारी, खोबरं, खण असं सगळं भरायचं, सासरच्या गौरीला ते ओवाळायचं आणि मग एकेक सूप सासू-नणंदांच्या हाती द्यायचं. त्या दिवशी सून खऱ्या अर्थाने घरची होते असं मानतात. पण पहिला ओवसा कुठल्याही वर्षी चालत नाही. गौरी पूर्वा नक्षत्रावर यावी लागते, आणि ती कधी दोन वर्षांनी येते तर कधी चार वर्षांनी. माझ्या लग्नाच्या वर्षी आली नव्हती. पुढे मी अमेरिकेत. म्हणजे सासूबाईंच्या हिशेबी मी अजून अर्धीच सून होते.

"आई, तुमच्या मुलाने कागद पाठवलाय," मी म्हणाले. "मी आता तुमची पावसुद्धा सून नाही."

"कागद त्येणां पाठवल्यान. मिया पाठवलंय काय?"

"मग काय झालं? नवराच नाही म्हणतो तर ओवसा कसला?"

"ता तुमचा काय ता तुमी बगा," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात सुनेचो ओवसो रवलो तर वर जावन माझ्या सासूक काय सांगू?" आणि जाता जाता, दारातून, "नातीक घेवन ये."

ते शेवटचं वाक्य माझ्या काळजात सुईसारखं घुसलं. नातीला घेऊन ये. हा सापळा तर नाही? तो येऊन बसला असेल बोरिवलीला, दाराआड. ओवशाच्या निमित्ताने बोलवायचं आणि पोर हिसकावून विमानात बसायचं. मी आईला म्हणाले, मी मुळीच जाणार नाही, चुलीत गेला तो ओवसा. आई मात्र अडून बसली. "ती बाई तुला कधी वाकडा शब्द बोललीय का? एकटी आहे. गौरीचं आहे. जाऊन ये." आईला नाही म्हणणं मला जमायचं, गौरीला म्हणायची हिंमत झाली नाही. वकीलबाईंना विचारावं हे मनातही आलं नाही. सणाला जायचं तर वकिलाला कोण विचारतं?

गेले. रिक्षातून उतरल्यापासून पोरीचं मनगट घट्ट धरलेलं. दोन्ही खोल्या बघितल्या, मोरीत डोकावले, पलंगाखालीसुद्धा बघितलं. सासूबाई बघत होत्या. आजूबाजूच्या चार-पाच बायका जमल्या होत्या, गौर शालूत नटून उभी होती, घरात हळदीच्या पानांचा वास भरला होता. सासूबाईंनी स्वतःची नथ माझ्या नाकात घातली आणि पहिलं सूप माझ्या हातात दिलं. सूप दोन हातांनी धरावं लागतं. मला मनगट सोडावं लागलं.

पहिलं सूप ओवाळताना पोर माझ्या पदराला धरून होती. दुसऱ्यालाही होती. तिसऱ्याला मी खाली पाहिलं तर नाही. दार उघडं होतं. जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती. मी मागे वळणार तोच सासूबाईंनी माझी कोपरं धरली. "हात थांबवू नको. सूप खाली ठेवचा नाय."

"माझी मुलगी कुठाय?"

"चेडू आत आसा. करंजी खाता."

"मला दिसत नाहीये ती!"

"मी सांगतंय मा," त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात इतकं बळ असेल असं मला वाटलं नव्हतं. मी सूप ओवाळलं. चौथंही ओवाळलं. गौरीच्या मुखवट्याकडे बघायचं असतं म्हणून तिकडे बघत होते, पण कान सगळे स्वयंपाकघराकडे. पाचवं सूप सासूबाईंच्या हातात ठेवलं आणि पाया न पडताच आत पळाले. पोर ओट्याखाली पाय पसरून बसली होती, तोंडभर सारण. मी तिला उचललं आणि त्या अनोळखी बायकांसमोर हमसून हमसून रडले. बायकांना वाटलं, मला भरून आलंय. एकीने माझी दृष्ट काढली.

दिवाळी झाली आणि तो आला. मला कळलं ते बालवाडीतून ऑफिसात फोन आला तेव्हा. तिथल्या बाई सांगत होत्या, "एक गृहस्थ आलेत, म्हणतात मी वडील, मुलीला न्यायचंय." मरोळहून रिक्षा मिळेपर्यंत मी निम्मं अंतर पळाले होते, एका चपलेचा अंगठा तुटलेला. तो फाटकाबाहेर उभा, हातात पोरीएवढी बाहुली, अंगाला परदेशी वास. बालवाडीच्या बाईंनी फाटकाला आतून कडी घातली होती. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

"मी तिचा बाप आहे," तो म्हणाला. शांतपणे. त्याचं सगळंच शांतपणे.

"आणि मी तुझी बायको आहे," मी म्हणाले.

तो हसला. "बायको? तू पेढे वाटलेस ना गं? पूर्ण बिल्डिंगभर?"

कुणी सांगितलं होतं देव जाणे. बिल्डिंगमधल्या कुणाचा तरी भाऊ त्याच्या ओळखीचा निघाला असणार. मुंबई एवढी मोठी म्हणतात, पण नको ती बातमी पोचवायला ती एका चाळीएवढी लहान होते. तो बाहुली फाटकावर ठेवून निघून गेला. तो सांताक्रूझला विमानतळाजवळच्या हॉटेलात उतरला होता. आईकडे उतरला नाही, तिच्याकडे कमोड नव्हता म्हणे.

त्याने इथल्या कोर्टात अर्ज टाकला. म्हणणं सोपं होतं. हा हुकूम तिने आनंदाने मान्य केला, पेढे वाटले, माहेरचं नाव लावून नोकरी करते. माझ्या घरच्यांनीही हे लग्न संपलं असं मानलंय. मग मुलीची ओळ तेवढी ती कशी नाकारते?

वकीलबाईंनी ते वाचलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "पेढे? पेढे वाटलेत तुम्ही? आणि मला सांगितलं नाहीत?"

"वाटले! नाचलेसुद्धा असते, जागा असती तर!"

"वाट लावलीत," पुण्याच्या बाई म्हणाल्या, आणि अर्ज पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागल्या. शेवटी विचारलं, "तो हुकूम आल्यानंतर सासरच्यांशी काही संबंध? जाणं-येणं? सणवार?"

"कसले सणवार. ओवशाला गेले होते तेवढंच."

"कशाला?"

मी सांगितलं. त्या सरसावून बसल्या, चष्मा काढून पुसला. कुणी बोलावलं? सासूबाईंनी. हुकूम आलाय हे त्यांना माहीत होतं? होतं, मीच सांगितलं. तरी बोलावलं? घरी येऊन बोलावलं. सून नसलेली बाई भरू शकते का हे? नाही, शक्यच नाही. "मग त्यांनी हे कोर्टात सांगायला हवं," वकीलबाई म्हणाल्या. "तुमच्या सासूबाईंनी. बाकी आपल्याकडे काही नाही."

मी बोरिवलीला गेले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, न ओरडता, आयुष्यात पहिल्यांदाच इतकं हळू. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "झिलाविरुद्ध माका उभी करतंस?" त्यांचा चेहरा लाल झाला होता. "माझो एकुलतो एक उरलेलो झील. ह्या घर त्येचा. दवापाणी त्येचा. मी मेलंय तर आग देवक कोण?" "जा घराकडे," त्या म्हणाल्या. मी उठले. पायऱ्या उतरताना मला त्यांचा राग आला नाही, हे जास्त वाईट होतं. रागावता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या पायरीवर उभी होते. आई पोरीला घेऊन घरी, कडी-कोयंडा लावून. टॅक्सी थांबली. त्यातून तो उतरला, आणि त्याने हात देऊन सासूबाईंना उतरवलं. नवीकोरी सिल्कची साडी, त्यानेच आणलेली असणार. त्या त्याच्या बाजूने आल्या होत्या. माझ्याजवळून गेल्या, माझ्याकडे बघितलं नाही. वकीलबाईंनी माझा दंड धरला. "तोंड उघडू नका," एवढंच म्हणाल्या.

जज्जसाहेबांनी आम्हाला चेंबरमध्ये घेतलं. म्हातारे, मराठी गृहस्थ, खोकला झालेला. आम्ही सगळे टेबलाभोवती, सासूबाईंना खुर्ची दिली तर त्या कडेवर टेकल्या. त्याच्या वकिलाने पेढ्यांचं सांगितलं. जज्जसाहेबांनी माझ्याकडे बघून विचारलं, "खरं आहे का हे?" मी म्हणाले, "हो, खरं आहे. खालची ओळ वाचली नव्हती साहेब. वाचली असती तर विष वाटलं असतं." वकीलबाईंनी टेबलाखालून मला चिमटा काढला.

मग त्याच्या वकिलाने सासूबाईंकडे मोर्चा वळवला. खालच्या मानेने, आदबीने. "आजी, तुमच्या मुलाचा घटस्फोट झालाय हे तुम्हाला ठाऊक आहे ना?"

"आसा."

"म्हणजे या बाई आता तुमच्या सूनबाई नाहीत, बरोबर?"

सासूबाईंनी सिल्कचा पदर सारखा केला. तो खुर्चीत सैलावून बसला होता, आईकडे बघून त्याने मान हलवली, हो म्हण अशी.

"सून कशी नाय?" त्या म्हणाल्या. "ओवसो कोणी भरल्यान मगे?"

वकिलाला कळेना. "काय भरलं?"

जज्जसाहेबांना मात्र कळलं. ते कोकणातलेच असावेत. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "आजी, ओवसा कधी झाला?"

"औंदा. पूर्वेक. हिनांच भरल्यान, माझ्या गौरीसमोर. पाचय सुपां."

"हुकूम आल्यानंतर?"

"मगेच. मियाच बोलावलंय."

"आई!" तो म्हणाला. त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "आई, तुला कळतंय का तू काय बोलतेयस?"

त्या त्याच्याकडे वळल्या. "तुका फोनार सांगितलंय मा, ओवसो झालो म्हणान? तू काय म्हणालस? बरा झाला म्हणालस."

तो आईच्या फोनकडे कधी लक्ष देत होता? म्हणाला असेल, बरं झालं, आई, ठेवतो. जज्जसाहेबांनी विचारलं, "म्हणालात?" त्याने आपल्या वकिलाकडे बघितलं.

"मी परक्या बायलेक माझ्या गौरीक ओवसूक दितलंय?" सासूबाई म्हणाल्या. "कोर्टात काय बोलूचा ता माका शिकवून हाडल्यान. बाकी सगळा बोललंय असतंय. पण गौरीचा खोटा कसा बोलू? तुझो कागद तिकडचो रे बाबा. माझी गौर हयची."

पुढे वकिलांचं बोलणं बराच वेळ चाललं, मला त्यातलं काही आठवत नाही. जज्जसाहेबांनी सांगितलं, तिकडचा हुकूम या बाईंवर बंधनकारक नाही. मुलगी आईकडे राहील, वडिलांनी तिला देशाबाहेर न्यायचं नाही. मी उठून त्यांच्या पाया पडायला गेले, वकीलबाईंनी मला मागे ओढलं.

बाहेर आलो तेव्हा तो टॅक्सीत बसला होता. सासूबाई टॅक्सीकडे धावल्या, चपला हातात घेऊन, पायऱ्या घाईने उतरता याव्यात म्हणून. त्यांनी काचेवर हात ठेवला. टॅक्सी निघून गेली. त्यांना बोरिवलीला सोडायलासुद्धा तो थांबला नाही.

त्या परत येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. मी शेजारी बसले. माझ्या छातीत आनंद नुसता उड्या मारत होता, आणि त्यांच्याकडे बघायची मला लाज वाटत होती. "माझो झील गेलो," त्या म्हणाल्या. सिल्कच्या पदराने डोळे पुसायचा प्रयत्न करत होत्या, पण नवं सिल्क कुठे पाणी टिपतं? मी माझा सुती पदर पुढे केला.

मग त्यांनी एकदम माझा हात धरला. "तूय आता कोर्टात जातलंस मा? सोडचिठी घेवक?"

"जाणार, आई. खोटं कशाला सांगू?"

"घे. घे तू. मी आडवी येवचंय नाय." आणि मग, खाली बघत, "पण मगे माझी नात माझ्याकडे येतली मा?"

वर्षभर ज्या भीतीने मी रात्री दाराच्या कड्या तपासत फिरले, तीच भीती त्या म्हातारीच्या तोंडावर होती, आणि या वेळी घाबरवणारी मी होते. "येड्यासारखं काय बोलता हो आई!" मी खेकसलेच. "उठा, चला अंधेरीला. नात वाट बघतेय."

घटस्फोटाचा अर्ज मी पुढच्या वर्षी इथल्याच कोर्टात केला. त्याने हरकत घेतली नाही, तिकडे त्याला दुसरं लग्न करायचं होतं आणि इथेही मोकळं व्हायचं होतं. वकीलबाई मसुदा लिहीत होत्या तेव्हा मी म्हणाले, आणखी एक कलम घाला. दर शनिवारी मुलगी आजीकडे बोरिवलीला जाईल, रविवारी संध्याकाळी परत येईल, गौरी-गणपतीत तिथेच राहील.

"हे कशाला लिहायचं?" बाई म्हणाल्या. "तुमच्या दोघींचं तर चांगलं आहे. तुम्ही न लिहिताही पाठवालच."

"लिहा. तुम्हाला माझा स्वभाव माहीत नाही."

त्यांनी लिहिलं. हुकूम झाला त्या दिवशी मी तो घेऊन बोरिवलीला गेले. सासूबाईंना वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला, या वेळी शेवटच्या ओळीपर्यंत. ते कलम त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं.

"म्हणजे नातीक माझ्यापासून कोणाक तोडूक येवचा नाय?"

"कोणालाच नाही."

त्यांनी कागद माझ्या हातातून घेतला.

"तुकाय?"

"मलाही नाही," मी म्हणाले.